माळ्यावरच्या कॅसेटी आणि त्या संगणकात उतरवण्याचा खटाटोप

ऑगस्ट २०२४च्या सभेत आमच्या सोसायटीचा पुनर्विकास एकदाचा नक्की झाला आणि ३१ मार्च २०२५पर्यंत जागा रिकामी करून द्यायची असं ठरलं. आई-बाबांचं डोंबिवलीचं घर चाळीस वर्षांचं. भांडी, गाद्या, कपाटं यांचा निकाल भराभर लागला. अडलं ते माळ्यावरच्या दोन ट्रंकांपाशी. एकीत शे-सव्वाशे ऑडिओ कॅसेटी, दुसरीत व्हिडिओ कॅसेटी आणि बाबांचे जुने कागद. भाड्याच्या घराला माळा नव्हता. दादाने अमेरिकेतून फोनवर निकाल देऊन टाकला, "सगळं नेटवर आहे, भंगारात द्या." बाबा काहीच बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ट्रंकेला कुलूप लागलेलं दिसलं.

मी हिशेबाच्या कामातली. इलेक्ट्रॉनिक्सचं माझं ज्ञान फ्यूज बदलण्यापुरतं. त्यामुळे पुढे लिहिलंय ते जाणकारांसाठी नाही. तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असेल आणि नेमकं कुठून सुरू करायचं ते कळत नसेल, तर यातलं काही उपयोगी पडावं.

गणपती उठल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, ट्रंका खाली काढल्या. बाबा मध्य रेल्वेच्या लेखा विभागात होते आणि त्यांनी कॅसेटींची वहीसुद्धा तशीच ठेवलेली: अनुक्रमांक, तारीख, स्टेशन, गाणं, गायक, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. शेऱ्यात "खरखर", "शेवटचं कडवं गेलं", "वीज गेली", "शेजारी मिक्सर". मीडियम वेव्हवर शेजारच्यांनी मिक्सर लावला की गाण्यात घर्रर्र यायची, ते आता कुणाला सांगून पटणार नाही. वहीखाली रेडिओच्या परवान्याचं पुस्तकही निघालं. घरी रेडिओ ठेवायला परवाना लागायचा, दरवर्षी पोस्टात फी भरून त्यावर तिकीट चिकटवून घ्यायचं. ऐंशीच्या दशकात तो बंद झाला. माझ्या मुलीला हे ऐकून इतकं हसू आलं की तिने त्या पुस्तकाचा फोटो मैत्रिणींना पाठवला.

पहिलं काम निवडीचं. दुकानातून विकत घेतलेल्या कॅसेटी मी सरळ बाजूला काढल्या. टी-सीरिजने त्या काळात कॅसेट इतकी स्वस्त केली होती की घरोघरी त्यांचे ढीग जमले. ती गाणी आज कितीतरी स्वच्छ ऐकायला मिळतात, त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. बाबांनी त्यातल्या दोन परत उचलल्या, मी वाद घातला नाही. दुसरा ढीग रेकॉर्डिंग सेंटरवर भरून आणलेल्यांचा: कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. हा सरळ सरळ बेकायदा धंदा होता, पण नाक्यानाक्यावर चालायचा. तिसरा आणि सगळ्यात मोठा ढीग रेडिओवरून घरी घेतलेल्यांचा. आणि चौथा, छोटा, बुरशी आलेल्यांचा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी पिठूळ बुरी दिसली की ती कॅसेट कुठल्याही यंत्रात घालायची नाही. यंत्राच्या हेडवरून, म्हणजे टेपला टेकून आवाज वाचणाऱ्या भागावरून, ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बांधून ठेवाव्यात.

आणखी एक काम त्याच दिवशी उरकून घ्या. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन बारीक पट्ट्या असतात. त्या स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाका. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, म्हणजे चुकून काही पुसलं जायची भीती नाही. व्हिडिओ कॅसेटलाही मागच्या कडेवर अशी एक पट्टी असते.

मग यंत्राचा शोध. घरचा फिलिप्सचा टू-इन-वन कधीच निकामी झाला होता. ऑनलाइन दीड-दोन हजारांत यूएसबीवाला कॅसेट प्लेअर मिळतो, वॉकमनसारखा दिसतो, थेट संगणकाला जोडता येतो. एका ओळखीच्यांकडचा वापरून पाहिला. गाणं लाटेवर ठेवल्यासारखं वरखाली होत होतं, कारण मोटरची गती स्थिर नाही. ज्यांना निव्वळ आजोबांचा आवाज एकदा ऐकायचा आहे त्यांनी खुशाल घ्यावा. आयुष्यात एकदाच करायचं काम असेल तर जुना, चांगल्या कंपनीचा, घरात ठेवायचा टेप डेकच शोधावा.

ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदार एलईडीच्या माळा विकण्यात गुंतलेले. "कॅसेट डेक" म्हटल्यावर एकाने मला पाणी दिलं आणि चोरबाजारात जायला सांगितलं. तिथे मटण स्ट्रीटवर डेक होते, पण किमती पाहुण्यांसाठी लावलेल्या, आणि लावून दाखवायला कुणी तयार नाही. शेवटी ठाण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून, जाहिरात पाहून, ७,००० रुपयांत घेतला. घेताना तीन गोष्टी पाहा: चाकं फिरतात का, दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून आवाज येतो का, आणि मागे लाइन-आउटची लाल-पांढरी छिद्रं शाबूत आहेत का. आमच्याची चाकं फिरत नव्हती. त्या गृहस्थांनी ते आधीच सांगितलं होतं, म्हणून तर सात हजार.

डोंबिवलीत स्टेशनजवळ एक दुरुस्तीवाले काका आहेत, सत्तरीचे. त्यांनी झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "हे बघा ताई, पट्टा." आत रबरी पट्ट्याचं डांबर झालं होतं, बोटाला लागलं की साबणानेही निघेना. "यंत्र चांगलं आहे. पट्टे आणा, बसवून देतो. पण मापाचे आणा, रबरबँड नको." डेकच्या मॉडेलचं नाव टाकून शोधलं तर नेमका संच परदेशातच मिळाला, साधारण ९०० रुपयांना. पार्सल दिवाळीआधी भारतात पोचलं आणि मग कस्टममध्ये बसलं. खरेदीचं बिल, ओळखपत्राची प्रत आणि वस्तू स्वतःच्या वापरासाठी आहे असं लिहून दिल्यावर हाललं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टमन दारात कस्टमची रक्कम मागत उभा. पट्ट्यांच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास गेली. त्याने पावती दिली ती बाबांनी मागून घेतली आणि वहीत चिकटवली. काकांनी पट्टे, सफाई, हेडची जुळणी मिळून १,५०० घेतले.

तुम्ही हे करणार असाल तर पट्टे आधी मागवा, मग बाकीचं. माझे त्यात बरेच आठवडे गेले आणि तोवर बाकी सगळं तयार होऊन नुसतं बसून होतं.

जोडणी सोपी आहे. डेकच्या लाइन-आउटमधून वायर एका बाहेरच्या साउंड कार्डात (माझं ४,२०० रुपयांचं), तिथून यूएसबीने लॅपटॉपला. हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकमध्ये वायर घालू नका, आवाज फाटतो. सॉफ्टवेअर ऑडासिटी, फुकट. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या क्षणीही उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे दीड जीबीच्या आसपास. आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, इथे पळवाट नाही. प्रत्येक कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली टेप सुटी होते. दोन-तीन कॅसेटींनंतर हेड आणि धातूची दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. तपकिरी मळ निघतो तो खरं तर गाण्यांचाच असतो.

आता जी गोष्ट कुठल्याच व्हिडिओत नीट सांगत नाहीत ती. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचा कोन आणि आपल्या डेकचा कोन जुळला नाही तर गाणं गोधडीतून आल्यासारखं वाटतं. स्क्रू किंचित फिरवत राहायचं आणि आवाज सगळ्यात खणखणीत लागेल तिथे थांबायचं. हे कानाने करायचं काम. बाबा ८१ वर्षांचे, वरच्या पट्टीतले आवाज त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाहीत. मला येतात, पण बारीक फरक कळण्याइतके नाहीत. शेवटी सतरा वर्षांच्या मुलीला बसवलं. ती डोळे मिटून "अजून, अजून, थांब, मागे" करायची आणि बाबा स्क्रू फिरवायचे. टेपची सततची सूं सूं आम्हाला दोघींना नको नको व्हायची. बाबांना ती नव्हतीच. त्यांच्या लेखी चाळीस वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं होतं, "मी तुला म्हटलं नव्हतं?"

डिसेंबरपासून रोज रात्री जेवणानंतर एक कॅसेट. थंडीत करावं, पावसाळ्यात टेप ओलसर होऊन चिकटते. पहिले काही दिवस सगळे भोवती जमायचे. मग आई मालिकेकडे गेली, मुलगी अभ्यासाला, आणि मी व बाबा उरलो. कंटाळाही येतो, हे लिहून ठेवते. नव्वद मिनिटं लेव्हलचे हिरवे पट्टे बघत बसणं रम्य वगैरे नसतं.

आणि मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. मी ही ट्रंक उघडली होती ऐंशीच्या दशकासाठी. माझं बालपण, रामायणाच्या वेळी ओस पडलेले रस्ते, भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि रात्रभर लागोपाठ तीन पिक्चर. आणि कॅसेटींत ऐंशीचं दशक जवळपास नव्हतंच! १९८४, ८५, ८६च्या तारखा घातलेल्या नोंदींत गाणी सगळी १९५०च्या आसपासची. विविध भारतीचं 'भूले बिसरे गीत', आकाशवाणी मुंबईची 'आपली आवड', आणि श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर सकाळी साडेसातला लागणारा जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम, आठ वाजताना सैगलच्या गाण्याने संपणारा. १९८५ साली बाबा बेचाळीस वर्षांचे होते आणि ऑफिसला जायच्या आधी उभ्याने दाढी करत स्वतःच्या शाळेतल्या दिवसांची गाणी पकडत होते. त्या काळात चालू असलेल्या गाण्यांबद्दल त्यांचं मत वहीत एकदाच आलंय, शेऱ्याच्या रकान्यात: "नवीन. पुसणे."

त्यांना विचारलं, तर म्हणाले, "तेव्हाची गाणी काय, रोजच लागायची. ती कशाला धरून ठेवायची?"

ऐंशीचं दशक आलंय ते चुकून. बाबा जाहिरात सुरू झाली की पॉजचं बटण दाबत. कधी हात पोचायला उशीर होई. मग दोन सेकंद साबणाची जाहिरात, अर्धं वाक्य टूथपेस्टचं, निवेदिकेने सांगितलेली वेळ. एका कॅसेटमध्ये गाणं संपल्यावर पुण्याहून सातला पाचच्या प्रादेशिक बातम्या सुरू होतात आणि पहिल्याच वाक्यावर बटण दाबलं जातं. सुरुवातीच्या कॅसेटी जुन्या मर्फी रेडिओसमोर माइक ठेवून घेतलेल्या, त्यांत कुकरच्या शिट्ट्या आहेत, आई कुणाला तरी "दूध उतू जाईल" म्हणते आहे, मी पाढे म्हणते आहे आणि सत्ताविसाच्या पाढ्यात अडते आहे. बिनाकाचं सिबाका झालेल्या गीतमालेचेही काही तुकडे निघाले. गाणं बाबांना हवं नसल्याने ते पुसून वर दुसरं भरलंय, पण दोन गाण्यांच्या मधल्या फटीत निवेदक अमीन सयानी "बहनो और भाइयो" म्हणून परत गडप होतात. सयानी फेब्रुवारी २०२४मध्ये गेले, त्याच वर्षी ते आमच्या माळ्यावरून असे निघाले.

इथे आमचं भांडण झालं. मी फाईली साफ करायला बसले तेव्हा बाबा म्हणाले, गाण्याच्या आधीचा-नंतरचा कचरा काप. मला तो कचराच हवा होता, गाणी मला कुठेही मिळतील. दोन दिवस दोघेही फुगून. मार्ग असा काढला, आणि तो मी सगळ्यांनाच सुचवीन: जशी कॅसेट वाजली तशी अख्खी फाईल, एकही सेकंद न कापता, न धुता, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. कापाकापी, सूं सूं काढणं, आवाज वाढवणं हे तिच्या प्रतीवर. सूं सूं काढणारं सॉफ्टवेअर जपून वापरा, फार धुतलं की गायक नळातून गातोय असं वाटतं. बाबांसाठी एमपी३ केले, एक गाणं एक फाईल, त्यांच्या वहीतल्या क्रमांकानेच नाव दिलेलं. माझ्यासाठी एक वेगळी फाईल केली, त्यात फक्त फटी आहेत. ती पंचवीस-एक मिनिटांची झाली.

मीडियम आणि शॉर्ट वेव्हवरून घेतलेलं सगळं मोनो असतं. डावी-उजवी बाजू एकत्र करून टाका, खरखर थोडी कमी होते आणि फाईल निम्मी. साठवण तीन ठिकाणी करा: लॅपटॉपवर एक प्रत, बाहेरच्या डिस्कवर दुसरी, आणि तिसरी दुसऱ्या गावात. आम्ही दोन डिस्क घेतल्या, ४,८०० रुपयांची एक. एक बहिणीकडे नाशिकला गेली.

कायद्याचं विचारतात म्हणून सांगते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठी सूट आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे घरी ऐकायला कुणाची हरकत नाही, पण हे सगळं नेटवर चढवून द्यायचं असेल तर प्रत्येक गाण्याचं वर्ष बघावं लागेल. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

जानेवारीत व्हिडिओ कॅसेटी. व्हीसीआर नव्याने मिळतच नाहीत, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैमध्ये बनवणं थांबवलं ती शेवटची. हेडची दुरुस्ती घरगुती काम नाही, म्हणून दादरच्या एका स्टुडिओत दिल्या. कॅसेटमागे ६०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. आधी दोन पानांचा फॉर्म: टेप तुटल्यास स्टुडिओ जबाबदार नाही, कॅसेटीवरचा मजकूर माझ्या मालकीचा आहे, ओळखपत्राची प्रत, प्रत्येक कॅसेटचं वर्णन. माझ्या बहिणीच्या १९९१च्या लग्नाच्या कॅसेटपाशी पेन थांबलं. लग्न आमचं, पण त्यावर व्हिडिओवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी घातलेली, सप्तपदीलाही. काउंटरवरच्या मुलीला विचारलं. "घरचं आहे ना ताई? मग सही करा." दादाने टीव्हीवरून भरलेली शारजाची कॅसेट मात्र तिने परत केली, २२ एप्रिल १९९८, वाळूचं वादळ आणि सचिनच्या १४३ धावा. टीव्हीवरचं प्रसारण घेत नाही म्हणाली. ती शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर स्वस्तातल्या यूएसबी पट्टीने उतरवली, चित्र यथातथा. सामना नेटवर याहून चांगला मिळतो, पण षटकांच्या मधल्या जाहिराती याच कॅसेटवर आहेत, आणि दादाने त्या कापल्या नव्हत्या. आळशीपणाचे असे फायदे.

स्टुडिओला दोन गोष्टी बजावून सांगा. चित्र रुंद टीव्हीसाठी ताणू नका, मूळचं चार-तीनच ठेवा, नाहीतर सगळी वऱ्हाडी मंडळी जाडी दिसतात. आणि पेन ड्राइव्हवरच्या छोट्या फाईलसोबत कमी दाबलेली मोठी फाईलही मागा. आपणहून देत नाहीत.

फेब्रुवारीत नातेवाइकांना बघता यावी म्हणून लग्नाची फाईल एका व्हिडिओ संकेतस्थळावर, फक्त लिंक असलेल्यांना दिसेल अशी, चढवली. काही मिनिटांत सूचना आली: यात अमुक अमुक गाणी आहेत, हक्क दुसऱ्याचे, काही देशांत व्हिडिओ दिसणार नाही. यादी बघून बहिणीला प्रथमच कळलं की कन्यादानाला कुठलं गाणं लावलं होतं. घाबरू नका, याने खात्यावर ठपका येत नाही. तो भाग मुका करण्याचा पर्याय मिळतो, पण लग्नाला आवाज तेवढाच होता. मग व्हिडिओ काढून टाकला आणि फाईल ड्राइव्हवर टाकून ज्याला त्याला पाठवली.

स्टुडिओतून एक कॅसेट बाजूला काढून ठेवल्याचा फोन आला. "ही एनटीएससी आहे. वेगळ्या यंत्रावर करावी लागेल, ९०० होतील." आपल्याकडे टीव्हीच्या चित्राची पाल पद्धत होती, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, ५२५ रेषा आणि सुमारे तीस. साध्या व्हीसीआरवर एकमेकांच्या कॅसेटी चालत नाहीत. परदेशातून आलेली कुठलीही कॅसेट असेल तर फॉर्मवर तसं आधीच लिहा, आठवडा वाचतो.

ती दादाने अमेरिकेत गेल्यावर वर्षभराने पाठवलेली. तेव्हा शेजारच्या काकांकडे लावून पाहिली होती, पडद्यावर नुसते पट्टे वर वर सरकत होते. कॅसेट प्रवासात खराब झाली असं सगळ्यांनी ठरवलं. दादाला वाईट वाटेल म्हणून आईने पत्र लिहिलं, कॅसेट मिळाली, सगळ्यांनी पाहिली, घर छान आहे. दादाला हे माहीत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी लॅपटॉप टेबलावर ठेवून आम्ही ती पाहिली. मिशा असलेला, बारीक दादा एका खोलीचं घर दाखवत फिरतोय. नाणी टाकून चालणारं कपडे धुण्याचं यंत्र, दुकानातलं तांदळाचं फडताळ आणि तिथल्या किमतींचं रुपयांत केलेलं गणित, खिडकीबाहेरचा बर्फ. मग ओट्यापाशी येऊन तो एक पातेलं कॅमेऱ्यासमोर धरतो. "आई, चार माणसं जेवायला बोलावलीत. यात आमटी पुरेल का? पत्रात कळव." पुढे टेप संपते.

आईने व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तिकडे पहाट होती, दादा डोळे चोळत आला. आई म्हणाली, "ते पातेलं लहान आहे. आमटी पुरली नसेल." त्याला काही कळेना. सगळं सांगून झाल्यावर तो बराच वेळ हसत होता, मग म्हणाला, "नव्हतीच पुरली. मला वाटलं, पत्रात त्याबद्दल काही नाही म्हणजे पुरेल." ट्रंका भंगारात द्यायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

२९ मार्चला टेम्पो आला, पाडव्याच्या आदल्या दिवशी. विकत घेतलेल्या कॅसेटी दुरुस्तीवाल्या काकांनी नेल्या, त्यांच्याकडे अजून गाडीत टेप असलेली गिऱ्हाइकं येतात. रिकामे प्लास्टिकचे डबे आणि मेलेला टू-इन-वन ई-कचऱ्यात. मूळ कॅसेटी टाकलेल्या नाहीत आणि टाकू नयेत. पाच-दहा वर्षांनी उतरवण्याची आणखी चांगली सोय येईल. त्या एका कोरड्या खोक्यात, उभ्या, स्पीकरपासून आणि लोहचुंबकापासून लांब, भाड्याच्या घरात बाबांच्या पलंगाखाली आहेत. बुरशीवाली पिशवी अजून तशीच बांधलेली. ते काम पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर हाती घेईन. वहीत बाबांनी शेऱ्याच्या पुढे पट्टीने रेघ मारून एक नवा रकाना आखलाय, 'फाईल'. १९८६पर्यंत भरून झालाय.